तिसऱ्या दिवशी चेहऱ्याचा चिखल होतो, त्याचं काय करायचं

तैलरंगात चेहरा रंगवताना दिसणारं लक्षण असं. पहिल्या दिवशी चेहरा झकास उतरतो. पांढरा पांढऱ्याच्या जागी, हिरवट सावली सावलीच्या जागी, ओठ लालभडक. दोन पावलं मागे जाऊन आपण स्वतःवरच खूश होतो. दुसऱ्या दिवशी ‘डोळ्याखालचं तेवढं नीट करू’ म्हणून ब्रश उचलतो. तिसऱ्या दिवशी गाल, हनुवटी, मान, सगळ्याचा रंग एकच झालेला असतो: ओल्या सिमेंटचा. त्यावर लाल लावला की सिमेंटचं वीट होतं, पांढरा लावला की राखाडी बर्फी.

आमच्या रविवारच्या गटात हे प्रत्येकाचं झालंय. माझं सहा वेळा झालं, आणि सहाही वेळा एकाच चित्राच्या नकलेत. म्हणून त्याच चित्राबद्दल लिहितो.

चित्र आहे आलेक्सेय फॉन याव्लेन्स्की या रशियन चित्रकाराचं, १९०९ सालचं. नर्तक आलेक्झांडर साखारॉफचं पोर्ट्रेट. मूळ चित्र म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. पुठ्ठ्यावर तैलरंग, साधारण ६९.५ बाय ६६.५ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास चौकोनी. लाल पोशाख, पावडर थापून पांढराफटक केलेला चेहरा, काळेभोर केस, काजळ भरून काढल्यासारखे डोळे, मागे निळसर हिरवा. माझ्या आईने प्रिंट बघून विचारलं, ‘‘ही बाई कोण?’’ बाई नाही, नाचणारा पुरुष आहे म्हटल्यावर म्हणाली, ‘‘म्हणजे बालगंधर्वांसारखा?’’ अगदी तसा नाही, पण एवढ्या वाक्यात तिला जे कळलं ते मला तिसऱ्या नकलेपर्यंत कळलं नव्हतं. हा चेहरा मुळातच रंगवलेला चेहरा आहे, मेकअपचा. त्यात कातडीचा रंग शोधत बसलात की संपलात.

हे चित्र शिकायला निवडतात कारण ते सोपं दिसतं. रंग मोजके, आकार मोठे, बारीक काम जवळजवळ नाही. सोपेपणाच्या या भरवशावर आपण रंग ओले असताना पुन्हा पुन्हा आत शिरतो.

आता निदान. चिखल दिसला की लोक पहिल्यांदा दुकानात जातात. महागडे रंग आणतात, कॅनव्हास बदलतात. तसं करू नका. आधी पॅलेटकडे बघा. चित्रात गाल मळका झालाय त्या क्षणी पॅलेटवरचं त्याच गालाचं मिश्रण स्वच्छ आहे का? स्वच्छ असेल तर दोष हाताचा आहे, आणि कुठलीही ट्यूब तो भरून काढणार नाही. पॅलेटवरच मळकं असेल तर दोष ट्यूबचा किंवा मिसळण्याचा आहे, आणि तो दोन दिवसांत सुटतो. माझ्या सहा नकलांपैकी पाच हाताच्या दोषाने गेल्या, म्हणून आधी हात.

मी चित्रकला शिकलो ती आपल्याकडच्या जुन्या पोर्ट्रेटच्या शिस्तीत. सर मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘‘कड मऊ कर. गाल वळला पाहिजे.’’ मग सुक्या ब्रशने उजेड आणि सावली यांच्या मधली रेघ घोटायची, घोटायची, इतकी की ब्रश कुठून कुठे गेला ते दिसू नये. त्या पद्धतीत ते बरोबरच आहे. तिथे गालाच्या दोन्ही बाजूंचे रंग एकाच घराण्यातले असतात: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा लाल, पांढरा. ते एकमेकांत कितीही घोटले तरी कातडीच होते.

याव्लेन्स्कीच्या चेहऱ्यात पांढऱ्याच्या शेजारी हिरवट आहे, त्याच्या शेजारी गडद निळी रेघ, आणि चार बोटांवर लाल. लाल आणि हिरवा रंगचक्रात समोरासमोर बसतात. शेजारी ठेवले तर एकमेकांना पेटवतात, मिसळले तर एकमेकांना विझवतात आणि राखाडी-तपकिरी उरतो. मऊ कड करायला गेलेला हात इथे नेमका विझवण्याचं काम करतो. हाताला ते कळत नाही, कारण वीस वर्षं त्याला त्याबद्दल शाबासकी मिळालेली असते.

उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक रंगाच्या घरासाठी वेगळा ब्रश. मी सहा ठेवतो: लाल, हिरवा, निळा, पांढरट, पिवळसर आणि केसांसाठी एक. हॉग म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, चपट्या टोकाचे (फ्लॅट), साधारण बोटभर रुंद. ब्रशवर रंग भरपूर घ्यायचा, चटणी वाढताना घेतो तसा एका बाजूने उचलायचा, आणि चित्रावर ठेवायचा. घासायचा नाही. एक फटकारा मारला की ब्रश चिंधीला पुसायचा, पुन्हा भरायचा. दुसरा फटकारा पहिल्यावरून नाही, त्याच्या शेजारून. गालासाठी मी सात फटकारे ठरवून घेतले. सात संपले की गाल संपला. चुकला तर चुकलेला गाल राहतो, पण गाल राहतो.

इथे रंगाचा घट्टपणाही बघा. ट्यूबमधला रंग तेलकट असेल तर तो घसरतो आणि शेजारच्यात मिसळतो. त्यात आणखी जवसाचं तेल घातलं तर विचारायलाच नको. रंग काढून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पंधरा मिनिटं ठेवा. पुठ्ठा जादा तेल पितो, भोवती तेलाचं कडं उमटतं आणि रंग लोण्यासारखा घट्ट होतो. फ्रेंच चित्रकार देगासुद्धा रंगातलं तेल असं काढून टाकून टर्पेंटाइनमध्ये काम करायचा. आपण टर्पेंटाइनसुद्धा चेहऱ्यात वापरायचं नाही, फक्त पहिल्या पातळ रेखाटनाला.

त्या रेखाटनानेच माझ्या दोन नकला खाल्ल्या, म्हणून निळ्या रेघेबद्दल थोडं सविस्तर.

डोळे, नाक, जबडा यांना बांधणारी गडद रेघ ही या चित्राची मजा आहे. नवशिका ती आधी काढतो, कारण शाळेत आधी आउटलाइन आणि मग रंग भरायचा असंच शिकवतात. मी प्रशियन ब्लूने काढली. प्रशियन ब्लू म्हणजे वरणात पडलेला हिंग, चिमूटभर असला तरी सगळीकडे लागतो. मग पांढरा भरायला गेलो. ब्रश रेघेला जिथे जिथे टेकला तिथून निळा घेऊन गालाच्या मधोमध आला. अर्ध्या तासात साखारॉफला न्यूमोनिया झाला.

आता असं करतो. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अल्ट्रामरीन निळ्याने, पाण्यासारख्या, अगदी फिकट खुणा करायच्या आणि त्या पूर्ण वाळू द्यायच्या. घाई असेल तर खुणा ॲक्रिलिकने करा. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक चालत नाही. मग रंग भरताना रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर जागा कोरी सोडायची. चेहरा बेटांसारखा दिसतो, घाबरू नका. सगळ्यात शेवटी गोल ब्रशवर घट्ट निळा भरून त्या कोऱ्या पाटातून एकदाच न्यायचा. पापणीच्या वळणावर थांबायचं नाही, श्वास सोडत न्यायचा. रेघ कुठे पांढऱ्याला चाटली तर चाटू द्या. मूळ चित्राच्या चांगल्या प्रतिमेत बारकाईने बघितलंत तर तिथेही रेघ एकसारखी जात नाही.

(एफ. एन. सूझांच्या चेहऱ्यांची नक्कल करणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. गोव्यातल्या साळगावच्या या चित्रकाराच्या चित्रांत काळी रेघ हेच हाड असतं, रंग तिच्या मागून येतो. तिथे रेघ आधी काढून वाळवणं जास्त सोयीचं.)

आता ट्यूब. पॅलेटवरच मळका रंग होत असेल तर ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. नाव वाचू नका, रंगद्रव्याचा कोड वाचा. माझ्या हिरव्याच्या ट्यूबवर ‘व्हिरिडियन ह्यू’ लिहिलं होतं. ‘ह्यू’चा साधा अर्थ, त्या रंगासारखा दिसणारा दुसरा रंग. खऱ्या व्हिरिडियनचा कोड पीजी १८ असतो. माझ्यात होता पीजी ७, म्हणजे थॅलो ग्रीन. ट्यूबमधून काढल्यावर दोघं चुलतभाऊ वाटतात. पण व्हिरिडियन सौम्य आहे, पांढऱ्यात बराच घालावा लागतो. थॅलो वाटाण्याएवढा घातला की अख्खा पांढरा हिरवा होतो आणि ब्रशमधून धुऊनही जात नाही. नाकाच्या बाजूची हिरवट सावली म्हणून मी जे लावत होतो ते पुढच्या प्रत्येक फटकाऱ्यात डोकावत होतं. थॅलोच असेल तर फेकू नका, टाचणीच्या टोकाएवढा घ्या आणि त्याचा ब्रश चेहऱ्यात दुसऱ्या कशालाही वापरू नका.

पांढऱ्याचंही तसंच. आपण वापरतो तो टिटॅनियम व्हाइट. तो झाकतो जबरदस्त, पण कुठल्याही रंगात मिसळला की रंग थंड आणि खडूसारखा होतो. १९०९ साली तो चित्रकारांच्या हाती नव्हता, शिसं किंवा जस्ताचा पांढरा असायचा. शिसं घरात आणू नका. झिंक व्हाइटचा जाड थर पुढे तडकतो, तेव्हा नुसता तोही नको. मी टिटॅनियममध्येच कणभर पिवळा ऑकर घालून पांढरा आधी ऊबदार करून ठेवतो आणि चेहऱ्याला तोच वापरतो. ओठांच्या लालमध्ये पांढरा अजिबात नको. लाल उजळ करायचा तर नारिंगीकडे न्या, नाहीतर ओठांचं स्ट्रॉबेरी मिल्कशेक होतं.

कधी कधी चिखल नसतोच, आपल्याला तो दिसतो. रंग स्वच्छ असतात पण उजळ-गडदाचा हिशोब चुकलेला असतो, म्हणून चेहरा मेल्यासारखा वाटतो. तपासायला फोनवर तुमच्या चित्राचा आणि प्रिंटचा काळा-पांढरा फोटो काढून शेजारी ठेवा. हिरवट सावली मूळ प्रिंटमध्ये हलकी राखाडी आणि तुमच्यात कोळशासारखी असेल, तर हिरवा बदलू नका, उजळ करा. फ्रेंच चित्रकार मॅटिसने १९०५ साली बायकोच्या पोर्ट्रेटमध्ये नाकावरून हिरवा पट्टा ओढला आणि तो खपून गेला तो याच कारणाने: पट्टा उजेड आणि सावलीच्या सीमेवर बरोबर बसलाय.

प्रिंटबद्दल चारच ओळी. झेरॉक्सच्या दुकानातल्या चकचकीत प्रिंटमध्ये निळा काळा होतो आणि लाल जांभळा. त्यावरून नक्कल केलीत तर चिखल विकतच आणलात. संग्रहालयाने स्वतः दिलेली प्रतिमा वापरा, प्रिंट घ्या आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून मिश्रणाचा एक ठिपका थेट रंगाशेजारी लावून बघा. आणि चित्र, पॅलेट, प्रिंट तिन्ही एकाच उजेडात हवीत. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला पांढरा सकाळी निळसर निघतो.

पृष्ठभाग बदलावा का? हो, इथे फरक पडतो. तयार कॅनव्हासवरचं जेसो, म्हणजे रंगाआधी दिलेला पांढरा लेप, कधी कधी इतकं गुळगुळीत असतं की रंग फरशीवर सांडलेल्या तेलासारखा पळतो. मूळ चित्र पुठ्ठ्यावर आहे. पुठ्ठा रंगातलं तेल शोषतो, फटकारा पडतो तिथेच चिकटतो, आणि चित्राला तो कोरडा, मॅट पोत येतो. सरावासाठी जाड मिलबोर्ड घ्या आणि जेसोचा एकच पातळ हात द्या. कच्च्या पुठ्ठ्यावर थेट रंगवलंत तर तेलाने पुठ्ठा पुढे कुजतो, पण सहाव्या नकलेला कोण जपून ठेवणार आहे? आकार मात्र सांभाळा. मूळच्या अर्ध्या मापात करत असाल तर ब्रशही अर्ध्या रुंदीचा घ्या. ए-फोरवर दोन इंची ब्रश घेऊन गाल सात फटकाऱ्यांत होत नाही, दीड फटकाऱ्यात होतो.

आता तो ‘दुसरा दिवस’. दुसऱ्या दिवशी रंग ना ओला असतो ना सुका. प्रशियन ब्लू आणि अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतात, कॅडमियम आणि टिटॅनियम सावकाश. म्हणजे रेघ चिकट झालेली, पांढरा अजून पातळच, आणि त्यावर तुम्ही ब्रश नेता. रेघेची साल निघून पांढऱ्यात जाते. एक तर त्याच बैठकीत पूर्ण करा, नाहीतर बोटाला काही न लागेपर्यंत हात लावू नका. पातळ थराला एरवी तीन-चार दिवस पुरतात. मुंबईच्या जुलैत मी दहा दिवसही थांबलोय, आणि तेवढ्यात पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला बुरशी धरली. वाळलेल्यावर पुन्हा काम करताना वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जरा जास्त असू द्या, कमी नको. नाहीतर पुढे भेगा.

चिखल झालाच असेल तर त्यावर रंग लावून तो जात नाही. पॅलेट नाइफने त्या जागेचा रंग सरळ खरडून काढा. उरलेल्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवून तळव्याने दाबा आणि सोलून काढा. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकवणाऱ्या हेन्री टाँक्सच्या नावाने या कृतीला तिथले लोक ‘टाँकिंग’ म्हणतात. खाली चेहऱ्याची फिकट सावली उरते, त्यावर नव्याने सात फटकारे. मला तर ती खरडलेली अवस्थाच अनेकदा जास्त आवडते, पण ते वेगळं.

जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा, मग टाका. ब्रश रॉकेलने धुवायची आपल्याकडे सवय आहे. चालेल, पण नंतर साबणाने चांगलं धुऊन वाळवा. ब्रशमध्ये राहिलेलं रॉकेल रंगात उतरतं.

हे सगळं करूनही माझी पाचवी नक्कल बिघडली. ब्रश वेगळे, पुठ्ठा बरोबर, रेघ शेवटी. तरी बिघडली, कारण रात्री जेवण झाल्यावर मी पुन्हा तिच्यापुढे जाऊन बसलो.

या चित्राबद्दल सांगतात ते असं. साखारॉफ एका कार्यक्रमाआधी मेकअप आणि पोशाखातच याव्लेन्स्कीच्या स्टुडिओत आला. चित्र अर्ध्या तासाच्या आत झालं. आणि साखारॉफ ते ओलंच उचलून घेऊन गेला, कारण मागे ठेवलं तर चित्रकार त्यावर पुन्हा काम करील, ही त्याला भीती होती. मला ही गोष्ट आधीपासून माहीत होती. तरी ती किस्सा म्हणूनच सांगत होतो. तिचा अर्थ सरळ आहे: खुद्द याव्लेन्स्कीच्या हातातही ते चित्र सुरक्षित नव्हतं. ते वाचलं कारण कुणीतरी त्याच्या हातून काढून घेतलं.

म्हणून सातव्या वेळी मी फोनवर तीस मिनिटांचा अलार्म लावला आणि आईला सांगून ठेवलं की वाजला की पुठ्ठा उचलून ने, मी काहीही म्हणालो तरी. तयारीचा वेळ यात धरला नव्हता. मिश्रणं आधी करून ठेवली होती, खुणा वाळलेल्या होत्या, ब्रश ओळीने मांडलेले. अठ्ठाविसाव्या मिनिटाला मी डाव्या डोळ्याची रेघ ओढत होतो. अलार्म वाजला. ‘‘अगं थांब, एक पापणी राहिलीय,’’ म्हटलं. तिने कडेला धरून पुठ्ठा उचलला, हाताला लाल लागला म्हणून मला दोन शब्द सुनावले, आणि फ्रिजच्या वर, भिंतीकडे तोंड करून उभा केला.

चार दिवसांनी काढला. नाक वाकडं आलंय, हनुवटी मूळपेक्षा लांब, डाव्या डोळ्याला खालची पापणी नाही. पण गाल पांढरा आहे, सावली हिरवी आहे आणि ओठ लाल. आठव्या नकलेला नाक आधी करणार आहे.